‘तुंबाड’ पर्यावरणाच्या अंगाने कसा पाहावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला. हा भयपट निसर्गाबद्दल काही सांगतो का, सांगत असेल तर ते पुराव्यानिशी कसं मांडायचं, असे प्रश्न चित्रपट अभ्यासगटांत आणि निसर्गमंडळांत वारंवार येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कथेचा शेवट उघड केला आहे, त्यामुळे चित्रपट पाहिला नसेल तर आधी तो पाहा.

‘तुंबाड’ ही तर हावेची गोष्ट आहे. त्यात पर्यावरण कुठून आलं?

हाव आहेच. पण ‘हाव वाईट’ एवढंच म्हणून थांबलं तर चित्रपटातले निम्मे तपशील वापराविना पडून राहतात. नुसत्या हावेची गोष्ट सावकाराच्या पेढीवरही घडली असती. मग खजिना जमिनीखाली, देवीच्या गर्भात, लाल मांसल भिंतींच्या आत कशासाठी? त्याच्या मालकाला सोन्याऐवजी पिठाची भूक का? म्हातारीच्या देहातून झाड का उगवतं? गावावरचा पाऊस का थांबत नाही? या चारही प्रश्नांना एकाच धाग्यात ओवता येत असेल तर ते वाचन कामाचं. पर्यावरणाच्या अंगाने पाहिलं की ते जमतं, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात नेमकी कुठून करायची?

सुरुवातीच्या निवेदनातल्या देवीच्या गोष्टीपासून. तिथे कथेचा सगळा हिशेब मांडून ठेवलेला आहे. समृद्धीच्या देवीपाशी सोनं आणि धान्य दोन्ही अमाप. पृथ्वी म्हणजे तिचा गर्भ. तिचं पहिलं आणि लाडकं अपत्य हस्तर. त्यानं सोनं बळकावलं, पण धान्याकडे हात वळवताच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. देवीनं त्याला वाचवून पुन्हा गर्भात निजवलं. अट एवढीच की त्याची पूजा कधी होणार नाही.

इथे जरा रेंगाळा. सोनं आणि धान्य ही संपत्तीची दोन रूपं असली तरी त्यांची वागणूक वेगळी आहे. सोनं कुजत नाही आणि उगवतही नाही. धान्य खाल्लं जातं, किडतं, पण मूठभर बी राखून ठेवलं तर पुढच्या वर्षी पुन्हा येतं. चित्रपटातली माणसं पुन्हा येणारी वस्तू देऊन पुन्हा न येणारी वस्तू आणतात. चित्रपटाचा नायक विनायक पीठ घेऊन विहिरीत उतरतो आणि नाणी घेऊन वर येतो. या एका देवाणघेवाणीवर सगळा चित्रपट उभा आहे. पाऊस आणि राक्षस यांच्याआधी तिच्याकडे पाहा.

गावावर सतत पडणारा पाऊस म्हणजे हवामानबदल समजायचा का?

नाही. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. कथेत पावसाचं कारण स्पष्ट दिलं आहे: विनायकाच्या पूर्वजांनी हस्तरचं मंदिर बांधलं म्हणून देवांचा कोप झाला. हवामानबदलाचं कारण हवेत साठणारे वायू आहे. दोन्हींचा परिणाम दिसायला सारखा असला तरी कारणं वेगळी आहेत. ‘पाऊस जास्त म्हणजे हवामानबदल’ असं लिहिलं की पुढचा सगळा लेख ढासळतो.

मग पावसाचं काय करायचं? तो शेतकऱ्याच्या नजरेनं पाहा. कोकणात रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याचं कुणाला भय वाटत नाही, कारण तो थांबतो. भाताला आवणीच्या वेळी पाणी लागतं, तशी कापणीला उघडीप लागते. दाणा भरल्यावर पाऊस हटला नाही तर भात आडवं होतं आणि लोंबीतच दाण्याला मोड येतात. झोडणी, वाळवणी, सगळं उन्हावर अवलंबून. चित्रपटातल्या तुंबाडला ही उघडीपच मिळत नाही. पाणी आहे, पण ऋतू नाही. भरपूर असूनही पिकू न देणारं पाणी, हे हस्तरकडच्या सोन्यासारखंच आहे. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा गावात पिकतं शेत किती वेळा दिसतं ते मोजा.

एक सावधगिरी. कथा १९१८मध्ये सुरू होते. प्रत्यक्षात त्या वर्षी देशाच्या मोठ्या भागात मॉन्सून फसला होता आणि दुष्काळ होता. पडद्यावरचा पाऊस त्या सालच्या हवामानाची नोंद म्हणून वापरू नका.

आजीच्या अंगातून उगवलेल्या झाडाचा अर्थ काय?

विनायक पंधरा वर्षांनी, १९३३मध्ये वाड्यात परततो तेव्हा शापित आजी मेलेली नसते. तिच्या देहातून झाड वाढलेलं असतं. पहिल्या नजरेला हे निसर्गाचा विजय वाटतं. तसं लिहिण्याची घाई करू नका.

निसर्गात मेलेलं कुजतं आणि त्याची माती होते. त्या मातीवर झाड वाढतं. आजीच्या बाबतीत मधली पायरी गळली आहे. हस्तरच्या शापानं ती मरत नाही, म्हणून तिची माती होत नाही, तरी झाड मात्र वाढतंय. कुजण्याचं चक्र अडकलं आहे. तिची मागणीही तीच आहे: मला जाळून मोकळं कर. त्या बदल्यात ती खजिन्याचं गुपित देते. मरण न येणं हाही साठवणुकीचाच एक प्रकार, असं चित्रपट सुचवतो आणि तो सोन्याच्या न कुजण्याशी जाऊन मिळतो. प्लास्टिक किंवा न विघटणाऱ्या कचऱ्याशी तुलना करायची असेल तर ती इथे करा, पावसाशी नको.

पिठाची बाहुली आणि पिठाचं रिंगण यांना एवढं महत्त्व का?

कारण चित्रपट इथे उपशाचं तंत्र दाखवतो, तेही टप्प्याटप्प्यानं. दोरानं विहिरीतून गर्भात उतरायचं. आधी पिठाचं रिंगण आखायचं आणि त्याच्या आत राहायचं. मग कणकेची बाहुली पुढे करायची. हस्तर बाहुलीवर तुटून पडतो, तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून हाताला येतील तेवढी नाणी ओढायची आणि वर यायचं.

यातले चार घटक वहीत वेगळे लिहा. आमिष म्हणजे बाहुली. संरक्षण म्हणजे रिंगण. वेळेची मर्यादा म्हणजे बाहुली संपेपर्यंतचा अवधी. उचल म्हणजे मूठभर नाणी. पद्धत चालते, कारण हे चारही एकमेकांच्या मापात आहेत. एकाचं माप बदललं की बाकीचे तीन अपुरे पडतात. विनायकाचा मुलगा पांडुरंग याचा सराव बिघडतो तो याचमुळे. त्या दिवशी हस्तरला जागवायचंच नव्हतं, पण मुलाजवळ बाहुली निघते. आमिष आलं आणि बाकीची तयारी नव्हती. सावकार राघवचा अंतही तसाच: त्याच्याकडे आमिष आहे, पण पद्धत ठाऊक नाही.

पीठ हे अन्न आहे, हेही सुटू देऊ नका. ते खायला लागतं तिथे न जाता उपशाचं साधन होतं.

शेवटी एकाऐवजी अनेक हस्तर येतात. त्याचा काय संबंध?

संपूर्ण वाचनाचा कणा इथे आहे, म्हणून या प्रसंगाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

१९४७मध्ये वाडा हातचा जाण्याची वेळ येते. ‘पुन्हा मिळणार नाही, तर आत्ताच सगळं घेऊ’ हा विचार तिथून येतो. नाणी वेचण्यापेक्षा लंगोटच आणू आणि हस्तरला गुंतवायला पुष्कळ बाहुल्या नेऊ, असा बेत ठरतो. बापलेकांचा हिशेब असा: बाहुल्या दहापट केल्या तर वेळही दहापट मिळेल. प्रत्यक्षात प्रत्येक बाहुलीमागे एक हस्तर उभा राहतो. आमिष वाढलं तसा धोकाही त्याच पटीत वाढला आणि रिंगण मात्र एकच राहिलं.

छोट्या मापात सुरक्षित असलेली पद्धत मोठ्या मापात तशीच सुरक्षित राहील, हे गृहीतक इथे फसतं. विनायक वर्षानुवर्षं नाणी आणतो तेव्हा हस्तर त्याला पकडत नाही. म्हणून ‘जमिनीतून काहीच घेऊ नका’ असा संदेश या चित्रपटावर लादता येत नाही. चित्रपट म्हणतो ते त्यापेक्षा नेमकं आहे: किती घेतो, किती वेगानं घेतो आणि घाई कशामुळे होते. मालकी संपण्याच्या भीतीनं केलेला शेवटचा मोठा उपसा, हे दृश्य नदीकाठी वाळूच्या लिलावाची मुदत संपत आली की पाहायला मिळतं.

आपल्या भागातल्या प्रश्नाशी हे कसं जोडायचं?

एकास एक चिकटवाचिकटवी करू नका. ‘हस्तर म्हणजे खाणमालक’ असं म्हटलं की पुढच्या वाक्यात अडकायला होतं, कारण चित्रपटात खाणारा हस्तर आहे आणि उपसणारा विनायक. त्याऐवजी वरचे चार घटक घ्या आणि तुमच्या उदाहरणात ते सापडतात का पाहा.

भूजलाचं उदाहरण चांगलं बसतं. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरात असतं आणि ते दर पावसाळ्यात भरतं. खाली गेलं की साठा कमी आणि तो भरायला लागणारा वेळ फार मोठा. एकाची बोअर कोरडी पडली की तो आणखी खोल जातो, मग शेजारीही जातो. प्रत्येकाला वाटतं आपण जास्त पाणी मिळवतोय, पण खालचा साठा एकच असतो. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल अधिनियमात शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, ती याच कारणानं. हे आपलं रिंगण.

गोव्याचं लोहखनिज हे दुसरं उदाहरण. २०१२मध्ये तिथल्या खाणी थांबल्या आणि २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. किती उचलायचं याचं माप ठरवण्याचा हा प्रयत्न होता, म्हणून मुठीतल्या नाण्यांशी त्याची तुलना टिकते.

दरड कोसळण्याशी मात्र जपून जोडा. माळीण, तळिये, इर्शाळवाडी इथे खरी माणसं गेली आहेत. भयपटातल्या शापाशी त्यांचं नातं लावलं तर कारणमीमांसा तर होत नाहीच, उलट त्यांच्यावर दोष ठेवल्यासारखं होतं.

टिपणं काढायची पद्धत काय?

पहिल्यांदा वही न घेता सलग पाहा. चित्रपट पावणेदोन तासांच्या आसपास आहे. दुसऱ्यांदा थांबवत पाहा, त्याला साडेतीन तास धरा. वहीच्या पानावर चार रकाने आखा: वेळ, काय दिसलं किंवा ऐकू आलं, कोणाकडून कोणाकडे काय गेलं, आणि त्याची किंमत कोणी मोजली. तीस ते चाळीस नोंदी पुरतात. शंभर झाल्या तर तुम्ही कथा उतरवून काढताय.

दुसऱ्या रकान्यात फक्त डोळ्याला दिसलेलं लिहा. ‘निसर्गाचा प्रकोप’ ही नोंद चालणार नाही. ‘वाड्याच्या अंगणात पाणी’ ही चालेल. नोंदी झाल्यावर तिसरा रकाना एकट्यानं वाचून काढा. पीठ खाली जातं आणि सोनं वर येतं, हा प्रवाह तिथे आपोआप दिसतो. चौथा रकाना वाचताना बाईमाणसांची नावं मोजा: आई, आजी, विनायकाची बायको आणि ठेवलेली बाई. किंमत मोजणाऱ्यांत त्या किती वेळा येतात हे पाहिलं की देवीच्या गर्भाचं रूपक नुसतं जमिनीपुरतं उरत नाही.

दिग्दर्शकाला हेच म्हणायचं होतं का?

हे सिद्ध करण्याची गरज नाही आणि तसा दावाही करू नका. ‘दिग्दर्शकाला दाखवायचं आहे’ ऐवजी ‘चित्रपटात दिसतं’ असं लिहा. चित्रपटाची सुरुवात मात्र गांधीजींच्या नावावरच्या त्या प्रसिद्ध वाक्यानं होते, गरज भागेल इतकं आहे, हाव भागेल इतकं नाही या अर्थाच्या. प्यारेलाल यांनी गांधीजींवरच्या आपल्या ग्रंथात ते नोंदवलं आहे आणि पर्यावरण चळवळीनं ते फार वापरलं आहे. पुरावा म्हणून त्याचा उल्लेख करा, पण त्यावर सगळा भार टाकू नका. पाटीवरचं वाक्य आणि पडद्यावरचं दृश्य यांत दृश्य जास्त वजनाचं.

हस्तर ही कोकणातली लोकदेवता आहे का? पेंडशांच्या कादंबरीशी नातं आहे का?

दोन्ही प्रश्नांना उत्तर नाही असंच आहे. हस्तर पुराणांत नाही. त्याची आणि देवीची कथा चित्रपटासाठी रचलेली आहे. ‘आपले पूर्वज पर्यावरण जाणत होते, म्हणून हस्तरची कथा’ असं विधान करू नका. देवराया राखण्याची कोकणातली परंपरा खरी आहे, तिचा उल्लेख स्वतंत्रपणे करता येतो.

श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ जगबुडी नदीकाठच्या गावाची कादंबरी आहे. चित्रपटाशी तिचं नातं नावापुरतं. कथेचं मूळ बीज नारायण धारप यांच्या एका भयकथेत आहे आणि तेही मुख्यतः आजीच्या भागापुरतं.

इतर कोणत्या भयपटाशी तुलना करावी?

दोन पुरेत. जपानचा ‘गोजिरा’ ३ नोव्हेंबर १९५४ला आला. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटावर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती आणि २३ खलाशांच्या एका जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली होती. तिथे संदेश शोधावा लागत नाही, पात्रंच तो बोलतात. दक्षिण कोरियाचा ‘द होस्ट’ (२००६) पहिल्याच दृश्यात फॉर्मल्डिहाइडच्या बाटल्या सिंकमध्ये ओतताना दाखवतो, म्हणजे कारण आणि राक्षस यांचा धागा सरळ आहे. ‘तुंबाड’मध्ये प्रदूषण नाही, अणुचाचणी नाही. तिथे संदेश कथेच्या रचनेत आहे, म्हणून पुरावा जास्त काळजीनं गोळा करावा लागतो. तीनही चित्रपटांना एकच माप लावू नका.

या वाचनात काय सुटतं?

जमिनीची मालकी. कोकणातली खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांची गावच्या जमिनीवरची सत्ता, कायद्यानं संपली ती १९४९च्या अधिनियमानं. त्याआधी १९३७मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडलं होतं. वाड्याच्या तळाशी खजिना असणाऱ्या घराण्याची कथा पाहताना वाड्याबाहेर राबणारे कोण, हा प्रश्न पर्यावरणाच्या भाषेत सहज बुजतो. लेखात निदान एक परिच्छेद त्याला द्या. ‘मानवाची हाव’ म्हणताना सगळी माणसं सारखी नसतात, हे चित्रपट स्वतः दाखवतो. विहिरीत उतरण्याचा हक्क एकाच घराला आहे.

गटाला दाखवायचा असेल तर काय तयारी लागते?

सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. घरगुती वर्गणीवरचं ओटीटी खातं त्यासाठी चालत नाही. १८ वर्षांखालील मुलांना दाखवू नका. त्यांच्यासोबत हा विषय घ्यायचा असेल तर देवीची गोष्ट सांगून चर्चा करा.

खोली पूर्ण अंधारी हवी. गर्भातली आणि वाड्यातली दृश्यं कंदिलाच्या उजेडाएवढ्या प्रकाशात आहेत. खिडकीतून उजेड आला की भिंतींचा मांसल पोत नाहीसा होतो आणि चर्चा फक्त राक्षसावर येऊन थांबते. आवाजासाठी निदान दोन स्वतंत्र स्पीकर लावा. पाऊस कुठे मागे हटतो ते लॅपटॉपच्या स्पीकरवर कळत नाही. चित्रपटानंतर १५ मिनिटं सुट्टी, मग ९० मिनिटं चर्चा. पहिली २० मिनिटं फक्त ‘काय दिसलं’ यावर बोलायचं, अर्थ कुणी सांगायचा नाही. हा नियम मोडला की पहिल्या बोलणाऱ्याचं मत सगळ्या गटाचं होतं.

शेवटी पांडुरंग लंगोट नाकारतो. याला आशादायक शेवट म्हणायचं का?

शापित झालेला बाप लंगोट पुढे करतो, मुलगा नको म्हणतो आणि बापाला जाळून मोकळं करतो. नकार खरा आहे आणि तो स्वस्त नाही. पण काय बदललं आणि काय तसंच राहिलं, याच्या दोन याद्या करा. पहिलीत पांडुरंग येतो. दुसरीत विहीर, वाडा, पाऊस, गर्भ, आणि खाली अजूनही भुकेला असलेला हस्तर. तीन पिढ्यांत त्याच्यापर्यंत जेवढं पीठ पोचलं, ते सगळं आमिष म्हणून पोचलं.